गेन पूर्ण फिरवला तरी आवाज उठत नाही: व्होल्टेज नेमका कुठे हरवतो?

प्रश्न थोडक्यात असा: हॅचबॅक गाडी. 9 इंची अँड्रॉइड हेड युनिट (डॅशबोर्डवरची स्क्रीनवाली म्युझिक सिस्टीम), बॉक्सवर आरसीए आउटपुट (अँपकडे सिग्नल नेणारी जोडणी) 2 व्होल्ट लिहिलेलं. समोर कंपोनंट स्पीकर (बारीक सुरांचा ट्वीटर वेगळा असलेले), 75 वॅट प्रति चॅनलच्या चार चॅनल अँपवर (अँप्लिफायर). डिकीत 12 इंची वूफर, 2 ओहमला 500 वॅट देणाऱ्या मोनो अँपवर. दोन्ही अँपचा गेन (येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायचा नॉब) शेवटपर्यंत फिरवलाय, तरी आवाज फुसका आणि वूफरला धमक नाही. गाणं थांबलं की ट्वीटरमधून 'सूंऽऽ' ऐकू येतं. आरसीएवर मीटर लावला तर 0.4 व्होल्टच्या आसपास. दुकानदार म्हणतो, अँप कमी पडतोय, मोठा घ्या. घ्यावा का?

नका घेऊ. आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच एक विसंगती आहे आणि ती सुटली की दुखणं कुठे आहे ते कळेल.

गेनच्या नॉबभोवती काय छापलंय ते बघा. बहुतेक अँपवर डाव्या टोकाला 6 व्होल्ट (कुठे 4, कुठे 8) आणि उजव्या टोकाला 0.2 व्होल्ट असं असतं. नॉब उजवीकडे पूर्ण फिरवला की अँप धरून चालतो की समोरून फक्त 0.2 व्होल्ट येणार आहेत आणि तेवढ्यावरच पूर्ण ताकद द्यायची आहे. गेन वाढवून वॅट वाढत नाहीत. 75 वॅटचा अँप 75 वॅटचाच राहतो, फक्त तिथपर्यंत व्हॉल्यूमच्या अलीकडच्या आकड्याला पोचतो. आता तुमचा हिशेब लावा. आरसीएवर खरोखर 0.4 व्होल्ट असतील आणि गेन 0.2 वर असेल, तर अँपला गरजेच्या दुप्पट सिग्नल मिळतोय. आवाज फाटायला हवा. तुमचा फाटत नाहीये, नुसताच फुसका आहे. मग एक तर तो 0.4 चा आकडा खरा नाही, किंवा अँप आपलं काम करतोय आणि नुकसान त्याच्या पुढे, स्पीकरच्या बाजूला होतंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मोठा अँप बसवून तुमचं गाऱ्हाणं तसंच राहणार.

मोजलंत कशाने आणि काय वाजवून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक गाणं लावून मोजतात. गाण्यावर मीटरचा आकडा सतत उड्या मारतो आणि तो जे दाखवतो ती सरासरी असते. गाण्याची सरासरी पातळी तिच्या शिखरापेक्षा सहज 10 ते 15 डेसिबल खाली असते. 10 डेसिबल खाली म्हणजे व्होल्टेज जवळपास एक-तृतीयांश. त्यामुळे गाण्यावर 0.4 दिसत असेल तर त्याच हेड युनिटकडून स्थिर सुरावर सव्वा व्होल्ट मिळणं अगदी शक्य आहे.

दुसरी गोष्ट मीटरची. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशेत मिळणारा पिवळा मीटर घरातली वायरिंग तपासायला उत्तम, पण त्याच्या एसी व्होल्टच्या रेंज दोनच असतात, 200 आणि 750. 200 च्या रेंजवर तो 0.1 च्या पायरीने मोजतो आणि शेवटचा अंक दोन-चार घरं इकडेतिकडे होतो. तिथे दिसलेल्या 0.4 ला काहीच अर्थ नाही, तो 0.2 ही असेल आणि 0.8 ही. शिवाय असे मीटर 50 हर्ट्झसाठी बनवलेले असतात. साधारण 400 हर्ट्झच्या वर त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. ज्याला 2 किंवा 4 व्होल्टची एसी रेंज आहे आणि ज्यावर ट्रू आरएमएस (लाटेचं खरं परिणामी मूल्य मोजणारा) लिहिलंय असा मीटर कुणाकडून तरी मागून आणा.

आता मोजायची रीत. पेन ड्राइव्हवर दोन सूर घ्या, दोन्ही 0 डेसिबल पातळीचे, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. वूफरसाठी 50 हर्ट्झ, समोरच्या स्पीकरसाठी 300 ते 400 हर्ट्झ. सगळीकडे 1 किलोहर्ट्झ सांगतात. ते स्कोपवर (लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) ठीक आहे, पण साध्या मीटरवर आकडा कमी दिसून उगाच घोळ होतो. ब्लूटूथवरून किंवा गाण्यांच्या अ‍ॅपवरून सूर वाजवू नका. फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम, अ‍ॅपमधली आवाज समान करण्याची सोय, ब्लूटूथचा वेगळा व्हॉल्यूम, हे सगळे मधल्या मधे पातळी खातात आणि तुम्ही हेड युनिटला दोष देत बसता. खरं तर हीच पहिली तपासणी आहे: तोच सूर एकदा पेन ड्राइव्हवरून आणि एकदा ब्लूटूथवरून वाजवून मोजा. दोन आकड्यांत मोठा फरक निघाला तर तुमचं निम्मं उत्तर फोनच्या सेटिंगमध्ये आहे.

हेड युनिटवर इक्वलायझर सपाट करा. लाउडनेस, बेस बूस्ट, सराउंड असले सगळे प्रकार बंद, फेडर आणि बॅलन्स मध्यावर. हाय पास आणि लो पास फिल्टर (ठरावीक आकड्याच्या खालचे किंवा वरचे सूर कापणारे) बंद. या फिल्टरकडे बारकाईने बघा. समोरच्या चॅनलला 80 हर्ट्झचा हाय पास लागलेला असेल आणि तुम्ही 40 हर्ट्झचा सूर लावून मोजलंत, तर नेहमीच्या 12 डेसिबल उताराच्या फिल्टरवर व्होल्टेज चौथाई दिसणार. दीड व्होल्टचे थेट 0.4! आउटपुट मेलंय असं समजून लोक हेड युनिट बदलतात आणि नव्या युनिटमध्येही तोच फिल्टर लावतात. अँड्रॉइड युनिटमध्ये वूफरच्या चॅनलची पातळी वेगळी असते आणि बऱ्याचदा येतानाच खाली ठेवलेली असते. ऑडिओच्या मेनूत ती शोधून शून्यावर, आणि आकडे शून्यापासून वर जात असतील तर वरच्या टोकाजवळ आणा.

अँप बंद करा आणि मगच आरसीए काढा. चालू अँपचा आरसीए ओढलात तर स्पीकरला असा दणका बसतो की ट्वीटर उडू शकतो. लाल प्रोब मधल्या पिनला, काळा बाहेरच्या कडीला लावा आणि दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. व्हॉल्यूम हळूहळू वाढवत तीन-चतुर्थांशापर्यंत न्या आणि आकडा लिहून घ्या. हे दोन ठिकाणी करा: आधी हेड युनिटच्या मागे, मग अँपपाशी येणाऱ्या टोकाला. दोन आकडे सारखेच यायला हवेत. अँपच्या इनपुटचा रोध 10 ते 20 हजार ओहम असतो, त्यामुळे पाच मीटरच्या धड वायरमध्ये मोजता येईल अशी घट होतच नाही. फरक दिसला तर वायर गेली.

बॉक्सवर 2 व्होल्ट आहेत म्हणून मीटरवर 2 दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. तो आकडा पूर्ण व्हॉल्यूमचा असतो, आणि स्वस्त युनिटमध्ये तोही फुगवलेला. आउटपुटचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर चालत असेल तर त्याच्याकडून 1.77 व्होल्टपेक्षा जास्त स्वच्छ आरएमएस मिळूच शकत नाही, कारण लाटेला वर-खाली मिळून 5 व्होल्टचीच जागा आहे. प्रत्यक्षात 1 ते दीड मिळतो. तेवढा पुरेसा आहे. तुमच्या अँपला 0.2 व्होल्टसुद्धा चालतो. तेव्हा एक-सव्वा व्होल्ट दिसला तर हेड युनिटचा विषय मिटला.

स्थिर सुरावरही 0.3 च्या खाली असेल तर मात्र सिग्नल खरंच कमी आहे. डावा-उजवा आरसीए हेड युनिटच्या मागे अदलाबदल करा. कमी आवाजाची बाजू बदलली तर दोष हेड युनिटकडे, नाही बदलली तर वायर किंवा अँपकडे. मग अँप बंद ठेवून मीटर ओहमवर लावा आणि आरसीएची बाहेरची कडी ते हेड युनिटची धातूची बॉडी असं तपासा. जवळपास शून्य यायला हवं. नसेल तर आतला सिग्नल ग्राउंड तुटलाय. काही युनिटमध्ये त्या ग्राउंडवर तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज असतो आणि चालू अँपवर आरसीए काढ-घाल केली की तो जातो. अशा वेळी आवाज कमी होतो, शिवाय एक्सलरेटरबरोबर चढणारी 'कुईंऽऽ' सुरू होते. कोकण-गोव्यातल्या गाड्यांमध्ये आरसीएच्या कडीवर हिरवट थर बसलेला दिसतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, आणि कडी सैल झाली असेल तर वायर बदला.

मोनो अँपला एकच आरसीए लावलाय का, तेही बघा. बरेच मोनो अँप डावा आणि उजवा आत जोडून घेतात. एकच लावला तर निम्मा सिग्नल, म्हणजे 6 डेसिबल गेले. हेड युनिटला वूफरचा एकच आउटपुट असेल तर वाय जोडणी लावून दोन्ही इनपुट भरा. एकाचे दोन करायला हरकत नाही, पण डावा-उजवा दोन आउटपुट वायने एकत्र करून एकात घालू नका. त्यात दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात.

आता गेन. अँपकडून स्पीकरच्या वायरी काढा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढंच गणित. 75 वॅट, 4 ओहम: 300 चं वर्गमूळ 17.3 व्होल्ट. मोनोचे 500 वॅट, 2 ओहम: 1000 चं वर्गमूळ 31.6 व्होल्ट. इथे वॅट म्हणजे आरएमएस वॅट (सतत मिळणारी ताकद), बॉक्सवरचे 'मॅक्स' नव्हेत. सीईए-2006 या मानकाप्रमाणे मोजलेला आकडा माहितीपत्रकात असेल तर तोच धरा. ते मानक 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि 1 टक्क्यापर्यंतचं विकृतीकरण अशा अटींवर ताकद मोजायला सांगतं, त्यामुळे फुगवाफुगवीला जागा कमी राहते. गेन पूर्ण डावीकडे, अँपवरचा बेस बूस्ट शून्य, इंजिन चालू. हेड युनिट तीन-चतुर्थांशावर ठेवून सूर लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरून गेन हळू उजवीकडे फिरवा. ठरलेला आकडा आला की थांबा.

0 डेसिबलचा सूर हे मी सगळ्यांसाठी वापरत नाही. हल्लीची गाणी आणि रीमिक्स छताला टेकतील इतके जोरात मास्टर केलेले असतात, त्यांना 0 डेसिबलच बरोबर. पण कुणी मुख्यतः जुनी भावगीतं, नाट्यसंगीत, शास्त्रीय बैठकी ऐकत असेल तर त्या ध्वनिमुद्रणांची पातळी मुळात खाली असते. तिथे उणे 5 डेसिबलच्या सुरावर गेन बसवतो, म्हणजे व्हॉल्यूम टोकाला न नेता आवाज पुरतो. उणे 10 वर बसवू नका. मग मुलांनी मागच्या सीटवरून एखादं डीजेचं गाणं लावलं की अँप सपाट लाटा ओकतो आणि ट्वीटरची कॉइल जळते.

कुणाकडे छोटा स्कोप किंवा डीडी-1 सारखा डिस्टॉर्शन दाखवणारा डबा असेल तर तोच वापरा. मीटर व्होल्टेज दाखवतो, लाट फाटली का ते दाखवत नाही. हेड युनिट कोणत्या आकड्याला फाटतं हे त्यावर एकदा पाहून ठेवलं की नंतर तो आकडा ओलांडायचा नाही.

या पायरीवर तुमच्या विसंगतीचा निकाल लागतो. चार चॅनलवर 17 आणि मोनोवर 31 व्होल्ट आले, गेनही टोकाला न जाता आले, तर अँप ठणठणीत आहे आणि दोष पुढे आहे. इनपुटला एक व्होल्ट असून गेन टोकाला नेल्यावरही 10-12 व्होल्टच मिळत असतील, तर अँपला वीज कमी आहे किंवा अँपच खराब आहे.

पुढच्या दोषांमध्ये वूफरच्या जोडणीचा नंबर पहिला, आणि तुमच्या बाबतीत माझा सर्वात जास्त संशय तिथेच आहे. तुमचा वूफर दोन कॉइलचा, 4 अधिक 4 ओहमचा असेल आणि कुणी दोन्ही कॉइल एकामागे एक जोडल्या असतील, तर अँपला 8 ओहम दिसतात. व्होल्टेज तेच 31.6, पण 1000 भागिले 8 म्हणजे 125 वॅट. 500 चा अँप घेऊन पाव ताकद वापरताय! समांतर जोडल्या की 2 ओहम होतात आणि पूर्ण ताकद मिळते. अँपकडून वायर काढून ओहम मोजा. डीसी रोध लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच येतो, तेव्हा 2 ओहमच्या जोडणीला दीड-पावणेदोन आणि 8 ओहमच्या जोडणीला सहा-सात दिसेल. समांतर करण्याआधी अँप 2 ओहमला चालतो हे त्याच्या पत्रकात वाचून घ्या. त्याहून वाईट म्हणजे दोनपैकी एक कॉइल उलटी जोडलेली असणं. मग दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात, कोन जेमतेम हलतो, धमक शून्य आणि कॉइल तापत राहते. दीड व्होल्टचा सेल एकेका कॉइलला क्षणभर टेकवून बघा. अधिकला अधिक लावल्यावर दोन्ही वेळा कोन बाहेर यायला हवा.

समोरच्या स्पीकरचंही तसंच. डावा सरळ आणि उजवा उलटा असेल तर मधला बेस आणि गायकाचा आवाज विरून जातो, ऐकणाऱ्याला 'दम नाही' असं वाटतं. वूफर आणि समोरचे स्पीकर एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत) असले तर 80 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. मोनो अँपवर फेजचं बटण असेल तर गाडी उभी असताना 0 आणि 180 दोन्ही ऐकून पाहा, ड्रायव्हरच्या जागेवर बसून. जिथे बेस भरतो ते ठेवा.

वीज. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 च्या आसपास आणि चालू असताना 13.8 ते 14.4 असायला हवेत. वायरी जोडून 50 हर्ट्झचा सूर जोरात लावा, काही सेकंदच, आणि मीटर डीसीवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या अधिकला, दुसरा अँपच्या अधिकला लावा. लांब वायर लागेल, पण हे मोजमाप सोडू नका. अर्ध्या व्होल्टच्या वर घट असेल तर वायर बारीक आहे किंवा फ्यूज होल्डर, थिंबल सैल आहेत. मग तसंच बॅटरीच्या उणेपासून अँपच्या अर्थिंगपर्यंत. तयार किटमधल्या '4 गेज' वायरवर प्लास्टिकच जाड असतं. खरी 4 गेज म्हणजे 21 चौरस मिलिमीटर तांबं. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर एक माप जाड घ्या. बऱ्याच अँपमध्ये पुरवठा पडला की ताकद वर्गाच्या प्रमाणात पडते. 14.4 चे 12 झाले तर सुमारे 30 टक्के वॅट गेले. अर्थिंग अँपजवळच, रंग पॉलिश पेपरने खरवडून, चेसिसच्या जाड पत्र्याला बोल्टने द्या आणि वरून ग्रीस लावा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या उणे टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे अँपची अर्थिंग थेट लावू नका. अशा गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेजही संगणक कमी-जास्त करतो, तेव्हा आकडा हलताना दिसला तर घाबरू नका.

'सूंऽऽ' तुमच्या गेनमुळेच आहे. गेन 0.2 वरून 2 व्होल्टवर आणला की अँपमधून जाणारा हा गोंगाट 20 डेसिबलने उतरतो. गेन नीट बसवल्यावरही राहिला तर अँप बंद करून आरसीए काढा आणि अँप पुन्हा चालू करा. गेला तर हेड युनिटकडून येत होता, राहिला तर अँपचा स्वतःचा.

लाइन ड्रायव्हर (आरसीएचा सिग्नल वाढवणारा डबा) घ्यावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मोजमापात 0.3 च्या खालचाच आकडा आला तर कुणीतरी तो सुचवेलच. तो घ्यायचा तर हेड युनिटच्या अगदी मागे बसवा. डिकीत अँपजवळ बसवलात तर वाटेत शिरलेला गोंगाटही तेवढाच मोठा होतो. पण त्याआधी एक फुकटचा उपाय बघा: अँपला हाय लेव्हल इनपुट असेल तर हेड युनिटच्या स्पीकर वायरीच तिकडे न्या. बॉक्सवर 4 × 50 लिहिलेलं असलं तरी आतली चिप 4 ओहमला स्वच्छ 18-20 वॅट देते, म्हणजे साडेआठ-नऊ व्होल्ट. आरसीएच्या पुढे हे भरपूर आहे. फक्त या आउटपुटच्या अधिक आणि उणे दोन्ही वायरींवर 6 व्होल्टच्या आसपास डीसी बसलेलं असतं, तेव्हा उणे वायर बॉडीला चुकूनही टेकवायची नाही, आणि आरसीए व हाय लेव्हल एकाच वेळी जोडायचे नाहीत. गेन मात्र पुन्हा डावीकडून सुरू करून नव्याने बसवावा लागेल.